अंतराळातला चाचा आणि वाटेगावचा फकिरा

गेल्या पावसाळ्यातील एका शनिवारी, सायंकाळची वंदना आटोपल्यावर, आपल्या वसतिगृहाच्या सभागृहात आम्ही मुलांना एक जपानी चित्रपट दाखविला. 'आर्केडिया ऑफ माय यूथ' हे त्याचे जगभर रूढ झालेले नाव. तोएई कंपनीने 1982 साली काढलेला आणि तोमोहारू कात्सुमाता यांनी दिग्दर्शित केलेला हा विज्ञानकाल्पनिक अॅनिमेशनपट असून त्याचा नायक कॅप्टन हार्लॉक हा अंतराळात फिरणारा चाचा आहे. भाषा जपानी आणि पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरे. म्हणून आमच्यापैकी एक जण भिंतीशी उभा राहून प्रसंगाप्रसंगाला मराठीत अर्थ सांगत होता. दोन तासांहून अधिक वेळ लहानमोठी मुले सतरंजीवर बसून होती आणि बाहेर कोसळणाऱ्या पावसाचे कोणास भान नव्हते.

पुढच्याच आठवड्यात एका पालकांचे पत्र आले. पत्र सभ्य होते, परंतु त्यातील व्यथा खरी होती. मुलगा फोनवर चाच्याच्या झेंड्याची गोष्ट सांगतो, वहीच्या मागच्या पानावर कवटी काढतो. जी मुले रोज सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणतात, न दिलेले घेणार नाही अशी प्रतिज्ञा करतात, त्यांच्यापुढे एक लुटारू नायक म्हणून उभा करणे आपल्या संस्थेला शोभते काय, असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही, म्हणजे याच वसतिगृहात वाढलेले आणि आज येथेच शिकविणारे काही जण, त्या वेळी दोन ओळींचे उत्तर देऊन मोकळे झालो. ते उत्तर अपुरे होते, ही रुखरुख मनात राहिली. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव एकत्र वाचणार आहेत. तेव्हा आमचे म्हणणे सविस्तर मांडणे हे कर्तव्य आहे असे आम्ही समजतो. हा चित्रपट दाखविला यात आमची चूक झाली नाही, किंबहुना तो पुन्हा दाखवावा, असे आमचे मत आहे. मात्र त्याची कारणे मनोरंजनाची नाहीत.

प्रथम कथा. पुढील कोणत्या तरी शतकात पृथ्वी इल्युमिडास नामक परग्रहीय सत्तेशी झालेल्या युद्धात हरते. पृथ्वीच्या सैन्यातील कप्तान हार्लॉक आपले यान घेऊन परत येतो, पण ते जेत्यांच्या हवाली करण्याऐवजी जमिनीवर आपटून निकामी करतो. ट्रायटर नावाचा पृथ्वीवरचाच माणूस जेत्यांच्या मर्जीने सत्तेवर बसला आहे. हार्लॉकची प्रियतमा माया गुप्त नभोवाणीवरून लोकांना धीर देत असते आणि तिचा माग काढला जात असतो. तोचिरो नावाचा ठेंगणा, चष्मा लावणारा अभियंता लोकांच्या नजरेआड, भूमीखाली एक यान बांधत राहतो. तेच 'आर्केडिया'. जेत्यांच्या फौजेत टोकार्गा ग्रहाचे सैनिक राबत असतात. ते स्वतः आधी जिंकले गेलेले. त्यांच्याच ग्रहाच्या विनाशाची वेळ येते तेव्हा हार्लॉक या कालच्या शत्रूंच्या बाजूने उभा राहतो. अखेरीस माया मृत्युमुखी पडते आणि एक डोळा गमावलेला हार्लॉक मोजक्या सोबत्यांसह पृथ्वी सोडून जातो. त्याच्या यानावर कवटीचा झेंडा असतो आणि नव्या राज्यकर्त्यांच्या दप्तरी तो 'अंतराळातील चाचा' ठरतो.

ही व्यक्तिरेखा ज्यांनी निर्माण केली ते चित्रकार लेजी मात्सुमोतो यांचा जन्म 1938 सालचा. महायुद्ध संपले तेव्हा ते सात वर्षांचे होते. त्यांचे वडील लष्करी वैमानिक होते. पराभूत जपान 1945 पासून 1952 पर्यंत परक्या सैन्याच्या ताब्यात राहिला आणि मात्सुमोतोंचे बालपण त्या काळात गेले. हरलेल्या देशातील मोठी माणसे कशी वागतात, कोण वाकते, कोण मोडते, कोण गप्प राहून आपले काम करीत राहते, हे त्या मुलाने पाहिले असणार. 1977 साली त्यांनी हार्लॉकची चित्रकथा सुरू केली, पाठोपाठ दूरचित्रवाणीवर मालिका आली, नंतर हा चित्रपट. आणि 2013 साली शिंजी आरामाकी यांनी संगणकाच्या साहाय्याने त्याच कप्तानावर आणखी एक चित्रपट काढला. मात्सुमोतो 2023 मध्ये निवर्तले. एका मुलाने पाहिलेला पराभव पुढे जगभरातील मुलांची गोष्ट झाला, असे म्हणता येईल.

आता त्या रात्रीची हकिगत. चित्रपट संपला, मुले झोपावयास गेली. आठवीतील एक मुलगा सतरंज्या गुंडाळण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळला. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, त्यानं तर काय चोरलंच न्हाय. मग त्याला चाचा कुणी म्हटलं?" आम्ही सांगितले, जे जिंकले त्यांनी. तो काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "आमच्यात बी असंच हाय सर. कुठं बी चोरी हुंदे, गाडी पहिल्यांदा आमच्याच पालावर येती."

हा मुलगा ज्या समाजातून येतो त्या समाजाचे नाव एके काळी सरकारी यादीत होते. गुन्हेगार जमातींचा कायदा इंग्रजांनी 1871 साली केला आणि 1911 च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. त्या यादीत ज्या जमातीचे नाव आले तिच्यात जन्मलेले मूल पाळण्यातच गुन्हेगार ठरे. प्रौढांना नेमून दिलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परगावी जायचे तर परवाना लागे, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे ठेवली गेली. स्वातंत्र्यानंतर, 31 ऑगस्ट 1952 रोजी, हा कायदा रद्द झाला. म्हणून त्या जमातींना 'विमुक्त' म्हणतात. कायदा कागदावरून गेला, परंतु आठवीतल्या एका मुलाच्या बोलण्यातून तो आमच्यासमोर उभा होता.

त्याच्या प्रश्नाने आम्हांस विचार करावयास लावले, कारण या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अंतराळात जाण्याची गरज नाही. आपल्या कोकणच्या किनाऱ्यापासून आपल्या वाळवा तालुक्यापर्यंत त्याचे दाखले पसरलेले आहेत.

मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत 'चाचा' म्हटलेले आहे. कान्होजींचा अपराध कोणता? आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपला परवाना, म्हणजे दस्तक, घ्यावा अशी त्यांची मागणी होती आणि न घेणारे जहाज ते पकडीत. त्यांच्या पूर्वी पोर्तुगीजांनी याच समुद्रावर नेमका हाच परवाना सक्तीचा केला होता. पोर्तुगीजांचा परवाना कायदा ठरला आणि कान्होजींचा चाचेगिरी! 1729 साली कान्होजी वारले. आज मुंबईतील भारतीय नौदलाच्या तळाचे नाव 'आयएनएस आंग्रे' आहे. कान्होजींनी केले ते तेच राहिले. नोंद करणारा हात तेवढा बदलला.

त्याहून जवळचा दाखला आपल्या तालुक्याचा. क्रांतिसिंह नाना पाटील हे येडेमच्छिंद्रचे. 1942 च्या सप्टेंबरात इस्लामपूरच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला, हे येथील वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकत आलो आहोत. त्यानंतर साताऱ्याच्या त्या जुन्या, विस्तीर्ण जिल्ह्यात 1943 ते 1946 या काळात जे प्रतिसरकार चालले त्याची न्यायदान मंडळे होती, त्याचे तुफान दल होते. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ तुफान दलाने रेल्वेची पगाराची गाडी अडवून तिच्यातील रक्कम हस्तगत केली. सरकारच्या लेखी हा दरोडा होता आणि हे करणारे दरोडेखोर होते. नाना पाटलांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर झालेले होते. तेच नाना पाटील 1957 साली साताऱ्याहून आणि 1967 साली बीडहून लोकसभेवर निवडून गेले. दहा-पंधरा वर्षांत माणसाचा स्वभाव बदलला नाही, देशाचे सरकार बदलले. काल ज्याच्या मस्तकावर इनाम होते तो आज कायदे करणाऱ्या सभागृहात बसला.

आणि तिसरा दाखला वाटेगावचा. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी आपल्या याच तालुक्यात, वाटेगावी, मातंग कुटुंबात झाला. शाळेचा आणि त्यांचा संबंध दीड दिवसाचा, असे सांगितले जाते. 1959 साली प्रसिद्ध झालेली त्यांची 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली. तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना लाभली आणि राज्य शासनाचे पारितोषिकही मिळाले. दुष्काळात माणसे उपाशी मरू लागली तेव्हा फकिराने धान्य लुटून वाटले, सरकारी खजिना लुटला आणि सरकारने त्याच्या माणसांना कोंडले तेव्हा त्यांच्या जिवासाठी तो आपण होऊन हजर झाला. ज्यांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागत होती त्या लोकांतला हा माणूस. इंग्रजांच्या वहीत तो दरोडेखोर होता. अण्णाभाऊंनी ती वही बाजूला सारून दुसरी लिहिली. हार्लॉकची गोष्ट पाहताना ज्या पालकांना धक्का बसला त्यांच्या घरी फकिराची गोष्ट आदराने सांगितली जाते, याचा त्यांनी शांतपणे विचार करावा अशी आमची विनंती आहे.

या तीन दाखल्यांत मात्र एक भेद आहे आणि त्या मुलाच्या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. कान्होजींच्या नावावरचा शिक्का पुसला गेला, नाना पाटलांच्या नावावरचाही पुसला गेला, कारण सत्ता बदलली. पालावरच्या मुलाच्या बाबतीत सत्ता बदलली, संविधान आले, कायदा रद्द झाला, तरी शिक्का राहिला. म्हणून जे नाव सत्तेने दिले ते सत्ता गेल्यावर आपोआप जाईल, अशा भ्रमात आपण राहू नये. सत्ता नाव देते. ते जिवंत ठेवतो शेजार. शाळेत, बसमध्ये, दुकानात, कधी कधी वसतिगृहाच्या खोलीतही ते जिवंत राहते. कोणाची पेन्सिल हरवली की पहिली नजर कोणाकडे वळते, हे आपण सर्वांनी, येथे वाढलेल्या आम्हीही, प्रामाणिकपणे आठवून पाहावे.

ज्याला नाव दिले जाते तो त्या नावाचे काय करतो, हा पुढचा प्रश्न. हार्लॉक ते नाव नाकारीत बसत नाही. तुम्ही मला चाचा म्हणता, तर हा माझा झेंडा, असे म्हणून तो कवटी फडकावतो. आपल्याकडे लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हे नाव दिले तेव्हा असेच काही केले. जो शब्द शिवी म्हणून अंगावर फेकला जात होता तो त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापला आणि 1988 साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वहीच्या मागच्या पानावर कवटी काढणाऱ्या मुलाच्या मनात काय चालले असेल, याचा अंदाज यावरून बांधता येईल. ती चोरीची ओढ असेल असे आम्हांस वाटत नाही. आपल्या नावाचे आपण काहीतरी करू शकतो, या जाणिवेची ती पहिली रेघ असू शकते.

तथापि पालकांचा आक्षेप एवढ्याने संपत नाही, आणि तो आम्ही संपविणारही नाही. दुसरे शील स्पष्ट आहे: न दिलेले घेऊ नये. पहिले त्याहून स्पष्ट आहे आणि हार्लॉकच्या यानावर तोफा आहेत. मग आपल्या परंपरेतून या गोष्टीकडे कसे पाहावे?

येथे अंगुलिमालाची कथा आम्हांस मार्गदर्शक वाटते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तिचा समावेश केला आहे. कोसल देशात त्याने खरोखर माणसे मारली होती. त्याच्यावरचा शिक्का खोटा नव्हता. प्रसेनजित राजा घोडेस्वार घेऊन त्याला पकडावयास निघाला तेव्हा तथागतांनी त्याला विचारले, हाच अंगुलिमाल मुंडन करून, शीलवान होऊन समोर आला तर काय कराल? राजा म्हणाला, वंदन करीन. आणि तथागतांनी शेजारी बसलेल्या भिक्खूकडे बोट केले. पुढे भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर लोकांनी दगड फेकले, तो रक्तबंबाळ होऊन परतला, तरी संघाने त्याला बाहेर काढले नाही. ज्याने अपराध केला त्याचेही नाव तथागतांनी उतरविले. मग ज्या मुलाने काहीच केलेले नाही त्याचे नाव उतरविण्यास आपण कशाची वाट पाहतो? शील हे आपण स्वतःसाठी घेतो. दुसऱ्याच्या कपाळी मारण्याचा तो शिक्का नव्हे.

याच ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे तेही येथे आठवते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला. शाक्य संघाच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला, सिद्धार्थाने त्यास विरोध केला आणि बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. संघाचा ठराव मोडणे हा अपराध होता. शिक्षा कुटुंबावर येऊ नये म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने देशत्याग पत्करला. म्हणजे तोही आपल्या राज्याच्या दृष्टीने अपराधीच होता! हार्लॉक पृथ्वी सोडतो, सिद्धार्थ कपिलवस्तू सोडतो. दोघांनीही चुकीच्या आज्ञेपुढे मान तुकविली नाही. पण एक शस्त्र घेऊन बाहेर पडतो आणि दुसरा शस्त्र नाकारल्यामुळे बाहेर पडतो. हा फरक आपल्या मुलांनी स्वतः शोधून काढावा यासाठीच दोन्ही गोष्टी त्यांच्यापुढे हव्यात. एकच गोष्ट माहीत असलेल्या मुलाला तुलना करता येत नाही. आणि कालामांना तथागतांनी जो उपदेश केला त्याचा गाभाच मुळी पारखून घेणे हा आहे.

आणखी एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगितली पाहिजे. हार्लॉकसमोर न्यायालय नाही, मतपेटी नाही, दाद मागण्याची जागा नाही. फकिरासमोरही नव्हती. आपल्यासमोर आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, संवैधानिक मार्ग मोकळे असताना असंवैधानिक मार्गाचे समर्थन करता येणार नाही. तो अराजकाचा मार्ग होय. ज्या माणसाला सर्वाधिक संताप येण्याचे कारण होते त्या माणसाने हे सांगितले, म्हणून त्याचे वजन. म्हणून चित्रपट पाहणाऱ्या मुलाने दोन प्रश्न विचारावयास शिकावे. याला चाचा कोणी म्हटले, हा पहिला. याच्यापुढे दुसरी वाट उघडी होती काय, हा दुसरा. पहिला प्रश्न आमच्या विद्यार्थ्याने आपण होऊन विचारला. दुसरा विचारावयास शिकविणे हे आमचे काम होते, आणि त्या रात्री ते आम्ही केले नाही. पालकांच्या पत्राने ती उणीव दाखवून दिली याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

चित्रपटाचे दोषही झाकू नयेत. त्यात हार्लॉकचा एक पूर्वज दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने विमान उडविताना दाखविला आहे आणि ते चित्रण हळवे, उदात्त आहे. त्या जर्मनीने लाखो निरपराध लोकांना केवळ त्यांच्या जन्मासाठी मारले. ज्यांना जन्माने अपराधी ठरविले गेले त्यांच्या मुलांपासून ही गोष्ट लपविणे योग्य नाही. तसेच परक्यांच्या ताब्यात गेलेल्या पृथ्वीचे दुःख रंगविणारा हा चित्रपट ज्या देशातून आला त्या देशाने कोरिया, चीन, ब्रह्मदेश येथे स्वतः काय केले याबद्दल तो काही बोलत नाही. ज्याला लुटले गेले त्याने कधी कोणास लुटले नसेलच असे नाही. हे कटू सत्य आपल्यालाही लागू आहे. आपल्या वस्तीत आपल्याहून खालचा कोण, हे ठरविण्याची खोड आपल्यातून पूर्ण गेलेली नाही.

मग असे चित्रपट पाहण्याऐवजी केवळ धम्मविषयक चित्रपट का दाखवू नयेत, असेही सुचविले गेले. अवश्य दाखवावेत. ज्या तोएई कंपनीने हार्लॉक काढला तिनेच 2011 साली ओसामु तेझुका यांच्या 'बुद्ध' या चित्रकथेवर अॅनिमेशनपट काढला. त्या कथेत सिद्धार्थाच्या बरोबरीने एका अस्पृश्य मुलाला आणि एका दास मुलाला स्थान आहे. तोही आम्ही आणणार आहोत. परंतु विज्ञानकथेचे काम वेगळे आहे. ती आजच्या जगाला लांब नेऊन ठेवते, म्हणून ते नीट दिसते. पालाचे नाव घेतले असते तर तो मुलगा बोलला नसता. दूरच्या ग्रहांवरची गोष्ट होती म्हणून बोलला.

आपल्या मराठीतील विज्ञानकथेचे मोठे नाव जयंत नारळीकर यांचे. मात्सुमोतोंच्याच वर्षी, 1938 साली, आपल्या शेजारच्या कोल्हापुरात ते जन्मले. त्यांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्या प्रसिद्ध नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, कथेची पारख कथा म्हणून व्हावी, ही त्यांची इच्छा. कथेला पहिले बक्षीस मिळाले. नाव मोठे असल्यामुळे त्यांनी ते लपविले. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांना आडनाव सांगितल्यावर खोली भाड्याने मिळत नाही म्हणून ते लपवावे लागते. दोन्ही ठिकाणी मागणी एकच आहे: नाव बाजूला ठेवा आणि समोर जे आहे ते पाहा. 2025 च्या मे महिन्यात नारळीकर गेले. त्यांच्या मागे ही कथा लिहिणारे हात आपल्या वसतिगृहांतून पुढे यावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

अण्णाभाऊंचे निधन 18 जुलै 1969 रोजी झाले. त्या दिवशी अपोलो 11 चंद्राच्या वाटेवर होते. दोन दिवसांनी माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले. पृथ्वी शेषनागाच्या फण्यावर नसून कष्टकरी आणि दलित यांच्या तळहातावर तरली आहे, अशा आशयाचे उद्गार 1958 साली मुंबईच्या दलित साहित्य संमेलनात काढणाऱ्या या माणसाला ती बातमी ऐकावयास मिळाली नाही. आमच्या मनात येते की, ज्याला शाळा दीड दिवस मिळाली त्याने फकिरा दिला. ज्यांना दहा-बारा वर्षे छप्पर, पुस्तके आणि संगणक मिळतात त्यांच्याकडून काय येईल? फकिराला अंतराळात नेऊन त्याची चित्रे हलविणारा मुलगा किंवा मुलगी आपल्यातून का निघू नये? जपानमध्ये ते घडले ते एका पराभूत देशातील मुलाने पाहिलेले विसरले नाही म्हणून. आपल्या मुलांनी पाहिलेले तर कमी नाही.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. महिन्यातून एका शनिवारी एक चित्रपट दाखवावा. निवड आधी फलकावर लिहावी, म्हणजे पालकांना कळेल. चित्रपटानंतर दिवे लावून अर्धा तास चर्चा ठेवावी. तिच्याशिवाय चित्रपट दाखवू नये. मोबाईलवर एकेकट्याने काहीही पाहणाऱ्या या पिढीला एकत्र पाहण्याची आणि एकत्र विचार करण्याची सवय लावणे, हेही वसतिगृहाचे काम आहे. खर्च फारसा नाही. पडदा आहे, सतरंज्या आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी जे संगणकाच्या आणि चित्रकलेच्या व्यवसायात आहेत त्यांनी सुट्टीत दोन दिवस येऊन मुलांना चित्रे कशी हलतात हे दाखविले, तर देणगीइतकेच ते मोलाचे होईल.

ज्या पालकांनी पत्र लिहिले त्यांना आम्ही पुढल्या खेपेचे निमंत्रण दिले आहे. त्यांनी यावे, मुलांबरोबर सतरंजीवर बसावे आणि चर्चेत आपले म्हणणे मांडावे. तोच चित्रपट पुन्हा लावणार आहोत. या वेळी मराठीत अर्थ सांगण्यासाठी भिंतीशी आमच्यापैकी कोणी उभे राहणार नाही. तो आठवीतला मुलगा आता नववीत गेला आहे; त्याने ते काम मागून घेतले आहे.